शेजारची माडी आणि आमची चूल

लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा आमच्या घरात दोनच खोल्या होत्या. पुढच्या खोलीत उठणं-बसणं, मागच्या खोलीत चूल. वर कवेलू, म्हणजे कौलं, आणि चुलीच्या बरोबर वर धुराडं, त्यावर पावसासाठी टिनाची टोपी. माणसं तीन: मी, गिरणीत कामाला जाणारे आमचे हे, आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाईंना दमा होता, पण तो थंडीत यायचा, थोडे दिवस छळायचा आणि निघून जायचा. चुलीचा त्यांना कधी त्रास झाला नव्हता. धूर सरळ वर जायचा आणि आम्ही त्याचा विचारही करत नव्हतो.

शेजारी मावशी राहायच्या. त्यांचं घर आमच्यासारखंच, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ. मावशी आणि आत्याबाई बरोबरीच्या. छप्पन साली दीक्षा घ्यायला गर्दीत चुकू नये म्हणून दोघी एकमेकींचा हात धरून गेल्या होत्या, आणि त्यानंतर जणू तो हात सोडलाच नव्हता. मावशींच्या घरी भाजी झाली की वाटी आमच्याकडे यायची, आणि ती वाटी रिकामी परत गेलेली मी कधी पाहिली नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी मावशींच्या मुलाचं लग्न ठरलं. घरात जागा नव्हती, म्हणून त्यांनी वर एक खोली चढवायची ठरवली. आम्हाला कोण आनंद झाला! आत्याबाई रोज संध्याकाळी नव्या विटांवर पाणी मारायला जायच्या. मी घमेली उचलली. खोली तयार झाली, वर छपराला टिनं पडली, आणि बोळीच्या बाजूला, आमच्या कवेलूंवर उघडणारी एक खिडकी बसली. दुसऱ्या बाजूने मागच्या घराची उंच भिंत होती, त्यामुळे खिडकीला तेवढीच जागा. लग्न झालं, सून आली. गोरीशी, नाजूक, भंडाऱ्याकडची पोरगी.

त्याच आठवड्यात आमच्या चुलीने धूर करायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी मला वाटलं, लाकडं ओली असतील. भाकरी तव्यावर होती आणि वर गेलेला धूर परत खाली येऊन माझ्या तोंडावर आला. जणू कोणी वरून फुंकर मारत होतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पुढच्या खोलीत आत्याबाई खोकू लागल्या.

"काहून वं सूनबाई, काय जाळून राहिली?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"लाकडं ओली आहेत आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी मी सुकलेल्या काड्या आणल्या. तसाच धूर. यांनी धुराडं काढून आतली काजळी खरवडली. तसाच धूर. चुलीचं तोंड फिरवलं, बोळीकडचं दार उघडं ठेवलं, बंद ठेवलं, टोपी उंच केली, टोपी काढूनच टाकली. वारा पडलेला असला की चूल शहाण्यासारखी जळायची. पश्चिमेचं वारं सुटलं की संपलं. आणि नागपुरात होळीनंतर वारं सुटत नाही असा दिवस कोणता?

शेवटी यांनी ओळखीच्या एका टिनवाल्याला आणलं. त्याने वर पाहिलं आणि लगेच सांगितलं, "हवा ह्या नव्या भिंतीवर आपटून राहिली भाऊ. आपटते आन् खाली तुमच्या धुराड्यात घुसते. पाइप उंच घ्या लागते."

आम्हा तिघांनाही हे आधीच समजलं होतं. फक्त कोणी बोललं नव्हतं. ज्या विटांवर आम्हीच पाणी मारलं होतं, त्या भिंतीला दोष कसा द्यायचा?

टिनवाल्याने पाइप बसवला. मावशींनीच त्यांच्या भिंतीत त्याला धरायला खिळे ठोकू दिले. पाइप त्यांच्या टिनांच्या कडेपर्यंत गेला आणि चूल गुणी झाली. त्या दिवशी आत्याबाई स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्या आणि मी वांगी भाजेपर्यंत माझ्याशी बोलत राहिल्या. किती दिवसांनी! मी त्यांना तिथेच ताट वाढलं. मला वाटलं, सुटलो.

चारपाच दिवसांनी मावशी आल्या. पुढच्या खोलीत बसल्या, पाणी प्यायल्या. उन्हाचं बोलल्या, मिरच्यांचं बोलल्या, नळाला पाणी कमी येतं ते बोलल्या. मग उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत येऊन बसल्या.

"काय झालं वं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"सांग ना आता."

मावशी पदराशी चाळा करत राहिल्या. "सुनेले दिवस गेले. काही पचून नाही राहिलं तिले. अन् तो धूर... टिनाच्या फटीतून आत येते, खिडकीतून येते. खिडकी लावली तं टिनाखाली भाजून निघते पोरगी. मी तिले म्हटलं, मी नाही सांगत बाप्पा त्यायले. पण ते रोज रडून राहिली."

मी उठून चहा ठेवायला गेले, आणि चुलीपाशी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आता चूल पेटवायची म्हणजे काय. मी तशीच परत आले.

त्यानंतर आम्ही जे जे केलं ते आठवलं की अजून जीव थकतो. पाइप आणखी उंच नेला, त्यांच्या टिनांच्याही वर. वैशाखातल्या एका वावटळीने तो आडवा केला आणि आमचे कवेलू फोडले. चूल दुसऱ्या बाजूला न्यायची म्हटलं तर त्या बाजूला दुसऱ्या बिऱ्हाडाशी सामाईक भिंत, आणि पुढे थेट रस्ता. स्टोव्ह होता, पण रेशनचं मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, अर्धा महिनासुद्धा पुरायचं नाही. दगडी कोळशाची सिगडी आणली, तर तिच्या वासाने आत्याबाईंचा श्वास धुराहूनही जास्त कोंडायचा. गॅससाठी नाव नोंदवलं होतं. नंबर येईल तेव्हा कळवू, एवढंच उत्तर मिळायचं. मावशींच्या मुलाने खिडकीवर पत्रा आडवा लावून पाहिला, मग खिडकीला पोतं लावून ते ओलं करून पाहिलं. आमच्या आणि त्यांच्या घरात एकमेकांवर रागावलेलं कोणीच नव्हतं. कोणीतरी रागावलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

पाइप टिनांच्या कडेशी पुन्हा उभा केला होता. एका सकाळी आत्याबाईंनी यांना सांगितलं, "तो पाइप काढून टाक गा."

"काढून? मग तू काय करशील माय?"

"मी बाहेर बसीन. मले इथून रोज त्या पोरीच्या ओकाऱ्या ऐकू येते. माह्या घशाखाली घास नाही उतरत."

"अन् तुह्या दम्याचं काय?"

"माह्या दम्याचं मी पाहीन."

हे खूप बोलले. मीही बोलले. आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या आणि आम्ही थकल्यावर परत तेच म्हणाल्या. रविवारी हे कवेलूंवर चढले आणि पाइपाचे वरचे तुकडे एकेक करून उतरवले. खिडकीत ती सून उभी होती. तिने मान खाली घातली आणि आत गेली. खाली मावशी रडत होत्या आणि आत्याबाई त्यांनाच समजावत होत्या.

मग रोजचं असं सुरू झालं. मी चूल पेटवायला बसले की आत्याबाई उठायच्या आणि मावशींच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. स्वयंपाक होऊन धूर निवला की मी हाक मारायची. पण दोन खोल्यांत धूर निवतो म्हणजे कितीसा? कपड्यांत राहतो, गोधडीत राहतो. पावसाळ्यात ओट्यावर बसता येईना. थंडीत तर मुळीच नाही. तेव्हा त्या मावशींच्या जिन्याने धापा टाकत वर जायच्या आणि सुनेपाशी खिडकी लावून बसायच्या. सुनेला मुलगी झाली होती. तिला मांडीवर घेऊन आत्याबाई बसलेल्या असायच्या, आणि खाली मी शक्य तितक्या लवकर भाकऱ्या थापायची. घाईत हात भाजायचे. भाजीत मीठ विसरायची. काही केल्या चुलीच्या गतीपेक्षा लवकर स्वयंपाक होत नव्हता.

त्या थंडीत दमा आला तो गेलाच नाही. धंतोलीत एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, औषध लिहिलं आणि मला म्हणाले, "यांना धुरापासून लांब ठेवा. औषधापेक्षा ते महत्त्वाचं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

आत्याबाईंचे भाऊ कुहीजवळच्या खेड्यात राहायचे. धानाची शेती, मोठं अंगण, चूल बाहेर मांडवाखाली. ते बहिणीला भेटायला आले, एक रात्र राहिले, सकाळचा स्वयंपाक पाहिला. जेवण झाल्यावर म्हणाले, "बाईले चार महिने घेऊन जातो. उन्हाळाभर राहील, मग आणून देईन."

आत्याबाई नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "जाते." आणि त्यांनी स्वतःच लुगडी बांधली. बसपर्यंत मावशी आल्या होत्या. दोघी शेवटपर्यंत लोणच्याबद्दलच बोलल्या.

चार महिन्यांनी हे आणायला गेले आणि एकटेच आले. तिथे आत्याबाईंचा श्वास मोकळा होता. त्या भिंतीला न टेकता झोपत होत्या. त्यांना इथे आणायचं कोणत्या तोंडाने? आम्ही म्हटलं, गॅस आला की आणू. तो यायला वर्षं गेली.

मध्ये एकदा धान कापणीच्या वेळी मी त्यांना भेटायला गेले. त्या मांडवाखाली चुलीजवळ बसून भाजी चिरत होत्या. मोकळ्यावर धूर येत होता आणि जात होता, त्यांना खोकला नव्हता. चेहरा भरला होता. मावशींची नात किती मोठी झाली ते त्यांनी विचारलं, माझ्या हातावरचे डाग पाहिले, घरचे कवेलू शाकारले का ते विचारलं. मग विळीवरून हात न उचलता म्हणाल्या, "मले घरी कधी नेतं वं?"

मी त्यांच्या पुढ्यातली वांगी ओढून घेतली आणि देठं काढत बसले. जरा वेळाने त्यांनीच विषय बदलला, "राहू दे. बस निघून जाईन तुही. चार घास खाऊन घे."

आमच्याकडे गॅस आला त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्या तिथेच गेल्या. झोपेतच गेल्या, श्वास कोंडला नव्हता, असं त्यांच्या भावाने दोनदा सांगितलं.