मागं बघायचं न्हाय

जयसिंगपूरहून कोल्हापूरला जाताना तमदलग्याची खिंड आली, की मी मोटारसायकलचा आरसा आत वळवतो. बायको मागे बसलेली असली तर वैतागते. "मागचं दिसणार कसं तुम्हांला?" म्हणते. दिसू नये म्हणूनच वळवतो, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी तिला सांगितलेलं नाही. आता रस्ता रुंद झालाय, ढाबे झालेत, ट्रकवाले हॉर्न वाजवत जातात. दिवसाढवळ्या भीती वाटावी असं तिथं काही उरलेलं नाही, आणि मला जे वाटतं ते भीतीच आहे असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आरसा मात्र वळवतोच.

नव्वदच्या दशकात आमच्या कुरुंदवाडच्या गल्लीतली आम्ही पोरं दर नवरात्राला कोल्हापुरातून ज्योत आणायचो. घट बसायच्या आदल्या रात्री अंबाबाईच्या देवळातल्या दिव्यावर मशाल पेटवायची आणि रात्रभर पळत पळत, हातातून हातात देत, सकाळी गल्लीतल्या देवळात पोचवायची. त्या ज्योतीवर देवळातला दिवा लागायचा आणि मगच गल्लीतल्या घराघरांत घट बसायचे. त्यामुळे उशीर करून चालायचं नाही. वाटेत विझली तर काडी ओढून पेटवायची नाही, परत कोल्हापूरला जायचं. तशी वेळ आमच्यावर कधी आली नव्हती, आणि ती आपल्या हातून येऊ नये ही धास्ती प्रत्येकाला असायची.

आम्ही जोडीजोडीनं पळायचो. एकाच्या हातात मशाल, दुसऱ्याच्या हातात तेलाची बुधली. पिठाच्या गिरणीवाला दादा आमच्यात मोठा. टेंपो त्याचा, म्हणून हुकूमही त्याचा. कुठल्या जोडीनं कुठून कुठपर्यंत पळायचं ते तो सांगायचा आणि टेंपोनं पुढं जाऊन पुढची जोडी उतरवून ठेवायचा. पळायचं अनवाणी. आणि एकदा मशाल हातात आली की मागं वळून बघायचं नाही. मशालवाल्यानं नाही, तेलवाल्यानंही नाही. देवी ज्योतीच्या मागून चालत येते, आणि वळून बघितलं तर ती तिथंच थांबते, असं आमच्याकडे मानतात.

खिंड आमची होती. म्हणजे माझी आणि त्याची. तो माझ्या शेजारच्या घरातला, बिगरीपासूनचा सोबती. मशाल त्याच्याकडे, बुधली माझ्याकडे. तो काटक होता. खिंडीचा चढ चढून गेला तरी त्याला धाप लागायची नाही. मी मागून भात्यासारखा फुसफुसत असायचो आणि तो पुढून टिंगल करत असायचा. तेल हवं असलं की तो डावा हात मागे करून पंजा उघडायचा आणि मशाल खांद्यावरून मागं कलती करायचा. मी पळता पळता मागून धार धरायची. ज्वाळा एकदम भडकून माझ्या तोंडावर यायची. दर नवरात्रात माझ्या भुवया जळायच्या आणि दसऱ्याला सोनं द्यायला गेलो की गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तेलवाला कोण, हे आमच्यात विचारावं लागायचं नाही.

मागं न बघण्याच्या बाबतीत तो फार कडक होता. एका वर्षी खिंडीत मागून बारीक खणखण ऐकू आली. धातूवर धातू लागावा तशी, थांबून थांबून. माझी मान वळायला लागली तसा तो पुढूनच ओरडला, "बघू नगंस! थांबंल ती हितंच."

"कोण?"

"कोण म्हंजे? पैंजण ऐकू येईनात व्हय तुला?"

मला ते पैंजण कधी पटले नाहीत. आवाज मात्र खरा होता. त्याच्या पुढच्या वर्षीही आला, आणि त्याच्याही पुढच्या. खिंड संपत आली की थांबायचा. हे मागं बघायचं नाही असं तुला इतकं कुणी ठासून शिकवलं, म्हणून मी एकदा विचारलं. "घरात," म्हणाला आणि विषय संपवला.

घरात म्हणजे आप्पा आणि अव्वा, त्याचे आईवडील. आप्पांच्या म्हशी होत्या. सायकलला दुधाचे कॅन लावून ते पहाटेच्या आधीच बाहेर पडायचे. माणूस तोंडाचा फटकळ. पोराच्या पळण्यावर तर त्यांचा दातच होता. "पळून प्वाट भरतंय व्हय रं? म्हशीमागं पळ, दूध तरी दील," असं चारचौघांत म्हणायचे. सकाळी ज्योत गल्लीत यायची तेव्हा सगळी गल्ली दारात असायची. बायका आमच्या पायांवर पाणी घालायच्या, ज्योतीवर आपापला दिवा लावून घ्यायच्या. त्यांच्या दारात अव्वा एकटीच असायची. आप्पा दूध घालायला गेलेले. त्या दिवशी तर हमखास उशिरा यायचे, ज्योत देवळात गेल्यावर. आल्या आल्या म्हशींच्या नावानं ओरडायला सुरुवात.

त्याला हे लागायचं. बाकी कशाचं त्यानं मनाला लावून घेतलं नाही, हे मात्र घेतलं. टेंपोत बसल्यावर एकदा म्हणाला, "आप्पानं एक डाव बघाय पायजे हुतं मला पळताना. एकच डाव. मग किती का शिव्या घालंना."

पुढं तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लागला. मोटारसायकल घेतली. एका हिवाळ्यात, ऊसतोडीच्या दिवसांत, पाळी संपवून घरी येताना अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला दिवा नव्हता. त्याच्याबद्दल मी इथं एवढंच लिहू शकतो.

त्यानंतरचं नवरात्र आलं तेव्हा त्यांच्या घरात वर्षाचं दुःख चालू होतं. सण नाही, घट नाही, ज्योत त्यांच्या दारात थांबवायची नाही. आम्ही बाकीचे टेंपोत बसून कोल्हापूरला गेलो. गिरणीवाल्या दादानं देवळाबाहेर उभं राहून नेहमीसारखे टप्पे वाटले. एकेक जोडीचं नाव घेत गेला आणि खिंडीशी आल्यावर म्हणाला, "खिंड ह्या दोघांची."

कुणी काही बोललं नाही. त्याला दुरुस्त करायचं म्हणजे दुसरा नाही हे तोंडानं म्हणायचं. मीही गप्प बसलो. दादाच्या लक्षात आलं असेल आणि तो कुणाला तरी माझ्याबरोबर उतरवेल, असं मला वाटलं. बाकीच्यांनाही असंच काहीतरी वाटलं असणार. इतक्या जणांच्या टेंपोत एक माणूस कमी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि जोडी लावताना सगळ्यांनी त्याला धरलं होतं.

खिंडीच्या अलीकडे मला उतरवलं. मागची जोडी आली. मशाल माझ्या हातात पडली. तेलवाल्यानं सवयीनं बुधली मैलाच्या दगडावर ठेवली, मी ती तिथूनच उचलायचो दरवर्षी. मग दोघंही दमून टेंपोत चढले, टेंपो पुढं निघून गेला आणि मी पळायला लागलो. चढ लागल्यावर कळलं की बुधली मागं राहिली. परत फिरायचं तर मागं बघायचं. आणि पुढं जायचं तर मशाल खिंडीतच विझणार. ज्वाळा आत्ताच निळसर व्हायला लागली होती, चिंध्यांतून नुसता धूर येत होता. मी त्याला मनात शिव्या घातल्या. दिवा नसलेल्या ट्रॉलीला घातल्या, दादाला घातल्या. रडूही येत होतं.

तेवढ्यात मागून पावलं आली. अनवाणी, डांबरावर सपसप वाजणारी. त्या रात्री खणखण नव्हती, नुसती पावलं. पाय थांबले नाहीत, कारण थांबायची हिंमत नव्हती. पावलं जवळ आली आणि माझ्याच चालीनं पडायला लागली. मी कसं काय केलं कुणास ठाऊक, डावा हात मागे केला आणि पंजा उघडला. मशाल खांद्यावरून मागं कलती केली.

तेल पडलं.

ज्वाळा भडकली, माझी सावली पुढं रस्त्यावर लांब पडली. एकच सावली. मी त्याला नावानं हाक मारली. उत्तर नाही, नुसती धाप. त्याला तर धाप लागायची नाही कधी. मेल्यावर लागत असेल काय, असला वेडा विचारही माझ्या डोक्यात येऊन गेला. मला वळायचं होतं. आयुष्यात कुठल्याच गोष्टीची इतकी ओढ मला लागलेली नाही. एकदाच, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. पण वळलो तर देवी खिंडीत राहील, आणि तोही जाईल, असं घट्ट वाटत होतं. त्यानंच पुढून ओरडून माझी मान सरळ केली होती ना. मी पुढं बघत राहिलो. आणखी दोनदा तेल मागितलं, दोन्ही वेळा मिळालं.

खिंड संपली, टेंपोचे दिवे दिसले. उजेडाच्या अलीकडेच पावलं थांबली. पुढच्या जोडीनं मशाल घेतली आणि त्यांचा तेलवाला म्हणाला, "बुधली?" मी नुसता हात मागं केला. तो थोडा मागं गेला आणि रस्त्याकडेच्या दगडावरून बुधली घेऊन आला. "हितं ठेवलीया की," म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या मागं बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. दादा टेंपोतून खाली उतरला. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा उमगलं. "तेल कुणी घातलं रं?" त्यानं विचारलं. दादा तिथंच रस्त्यावर मटकन बसला.

सकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या गल्लीत झाली होती. तो आला होता म्हणून बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आप्पांच्या दारावरून आम्ही न थांबता, वाजंत्री बंद करून गेलो. दार अर्धं लोटलेलं होतं. आप्पा घरात नव्हते, नेहमीप्रमाणे.

पुढचे नऊ दिवस मी झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. डोळा लागला की पावलं यायची. बायकांनी डोळ्यांना पदर लावला त्याचं मला काही नव्हतं, पण मी त्याला बघितलं नाही याची टोचणी जात नव्हती.

दसऱ्याला संध्याकाळी मी आप्पा-अव्वांकडे गेलो. सोनं द्यायचं नव्हतंच, नुसतं बसायला. आप्पा कॉटवर बसले होते, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल कपाळावर पुढं ओढून. अव्वानं चहा दिला. आप्पांनी कप तोंडाला लावला, वाफ आली आणि त्यांनी घाम पुसायला टॉवेल मागं सारला.

त्यांना भुवया नव्हत्या. करपून जाऊन कपाळाला नुसता तांबूस डाग राहिला होता. माझा हात माझ्या कपाळाकडे गेला. माझ्या भुवया जागेवर होत्या, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा.

शेवटी अव्वाच बोलली. "दरसाली जातंत. पोरगं पयल्या वर्साला पळालं तवापास्नं. दूध घालाय जातो म्हणायचं आणि त्या खिंडीत जाऊन बसायचं. सायकल हातात धरून मागनं चालत यायचं तुमच्या. मला शपथ घातल्याली, पोराला सांगायचं न्हाय म्हणून."

सायकल हातात धरून. रिकामे कॅन, त्यांची झाकणं. मला ती खणखण ऐकू आली.

"लै हळू पळतोस," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि हात स्थिर ठेवत जा. निम्मं तेल रस्त्यावर सांडलं. बुधली दगडावर इसरून गेलास, सायकल टाकून पळावं लागलं मला."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला, की मी त्या माणसाशी आयुष्यात कधी बोललो नव्हतो तसा बोललो. "एक डाव हाक मारायची हुती, आप्पा! एवढी वर्सं तुमी मागनं येत हुता, एक डाव! तुमी बघावं म्हणून मरत हुता त्यो."

आप्पांनी कप खाली ठेवला. टॉवेल परत पुढं ओढला.

"हाक मारली आस्ती तर वळला आस्ता," ते म्हणाले. "ज्योत हातात आस्ताना मागं बघायचं न्हाय, हे मीच शिकिवल्यालं त्याला. एवढासा हुता तवा."