पाच मोदक आणि प्रभूची भाकर

कुवेतला आमची मराठी ख्रिस्ती मंडळी शुक्रवारी भरायची, कारण रविवारी सगळ्यांना कामं. कुवेत सिटीतल्या एका कंपनीत कारकून असलेले वडीलभाऊ आमचे पुढारी. त्यांच्याच हॉलमध्ये सतरंजीवर वीसेक जण बसायचो. मी शहराबाहेर अम्गऱ्याच्या भंगारबाजारात, गॅसकटरनं लोखंड कापायला. शिक्षण चौथी. ते मी कधी लपवलं नाही.

एका वर्षी तिथंच नोकरीला असलेल्या नाशिकच्या एका इंजिनिअरसाहेबांनी गणपतीसाठी माझ्याकडून लोखंडी चौरंग करून घेतला. गणपती बसले त्या दिवशी जेवायलाही बोलावलं. आठ महिने कामगारांच्या कॅम्पातला तोच पाणचट रस्सा खाऊन माझी जीभ मेली होती. वहिनींनी उकडीचे मोदक वाढले, वर तूप सोडलं. खाल्ले.

ही खबर माझ्या आधी हॉलमध्ये पोचली. वडीलभाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मूर्तीपुढचा नैवेद्य खाल्लात?"

"खाल्ला."

"किती?"

"पाच. सहावा पण होता, लाजलो."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वडीलभाऊ नाही हसले. "उभं राहून पश्चात्ताप करा. तीन शुक्रवार उपास धरा. तोवर प्रभुभोजन मिळणार नाही."

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची भाकर, महिन्यातून एकदा. बायकापोरं गावाकडं, मी इथं एकटा. त्या भाकरीच्या तुकड्यावर माझा महिना निघायचा. तरी मी उठलो नाही.

म्हणलं, "भाऊ, मी दारूत बुडालेलो असताना प्रभूनं मला उचललं. तेव्हा मी कोणता नियम पाळला होता? आणि आता मोदकापायी तो मला खाली टाकणार?"

"तुम्ही शास्त्र वाचलेलं नाही."

"नाही वाचलं. पण मला धरणारा कोण ते मला ठाऊक आहे."

तो भोजनाचाच शुक्रवार होता; ताट फिरलं. त्यात खुबूसचे तुकडे, कारण तिथं तीच भाकर. माझ्यापुढून ताट सरळ पुढं गेलं. पण मान खाली घातली नाही.

शेजारी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर बसल्या होत्या, आमच्या नगरकडच्याच. त्यांनी आपला तुकडा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"सिस्टर, हे चालणार नाही," वडीलभाऊ म्हणाले.

"मला सकाळी दहा पेशंट शिव्या देतात, भाऊ. तुम्ही पण द्या," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मी तो तुकडा खाल्ला. उपास एकही धरला नाही. वर्षभर ताट तसंच माझ्यापुढून जायचं आणि सिस्टर अर्धा तुकडा द्यायच्या.

पुढच्या वर्षी साहेबांनी परत बोलावलं. गेलो. शुक्रवारी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या वडीलभाऊंना मीच सांगितलं, "या वर्षी सात."

भोजनाची वेळ झाली तेव्हा तोंड दुसरीकडं करून त्यांनी ताट माझ्यापुढं धरलं. मी त्यातला तुकडा दोन्ही हातांनी घेतला.