डाव्या खिशातले चिंचोके

सुरुंगांना बत्ती देणाऱ्या बत्तीमामांच्या सदऱ्याचा डावा खिसा चिंचोक्यांसाठी राखीव होता. बोगद्यात सुरुंगाची जितकी भोकं भरली, तितके चिंचोके त्या खिशात. वाती कमीजास्त लांबीच्या ठेवलेल्या, त्यामुळे बार एकामागून एक उडत. एक बार झाला की एक चिंचोका उजव्या खिशात जाई. शेवटी मामा डाव्या खिशाचं अस्तर बाहेर ओढून सगळ्यांना दाखवत आणि म्हणत, "डावा खिसा रिकामा, मगच पाय आत." तोवर नांदेडहून आलेल्या मोठ्या साहेबालाही आत प्रवेश नसे.

नायगावच्या पुढे ग्रॅनाइटच्या एका टेकडीत आमचा चाचणीचा बोगदा चालला होता. दगड चांगला निघाला तर तिथं न्यूट्रिनोंचा अभ्यास करणारी भूमिगत वेधशाळा होणार होती. मी लातूरची, नवी कोरी इंजिनिअर. मामांचा जन्म विहिरींना सुरुंग लावण्यात गेलेला. न्यूट्रिनो म्हणजे काय ते मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावलं. सूर्याकडून येणारे कण; तुमच्याआमच्यातून, डोंगरातून आरपार जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यांची चाहूल घ्यायची तर वरचा बाकीचा गोंधळ अडवायला डोक्यावर दगड हवा. मामा टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "म्हंजी कुजबुज ऐकायची तर दार लावून घ्यायचं. हाव, कळलं. पर दार लई जाड लावून राहिलो की ओ बाई आपण!"

बार उडायच्या वेळी ते मला हमखास समोर उभं करत. "इंजिनेरबाई, हितं. माझ्या म्होरं." मला लहानपणापासून बोटांवर मोजायची खोड. प्रत्येक बाराला मी एक बोट मिटायची आणि मामा माझ्याकडे बघत चिंचोका सरकवायचे. म्हाताऱ्याचा माझ्यावर जीव आहे, असं मी घरी फुशारकीनं सांगितलंही होतं.

त्या दिवशी बारा भोकं भरली होती. वाती पेटल्या, आम्ही बाहेर आडोशाला आलो आणि नेमका आईचा फोन आला. तो कट केला, पण एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात नकाशांची गुंडाळी तशीच राहिली. मी मनातल्या मनात मोजत होते. अकरा झाले. बारावा येईना. मामांनी जरा थांबून शेवटचा चिंचोका उजवीकडे टाकला आणि अस्तर ओढून दाखवलं. आठ माणसं पहारी घेऊन उठली.

मामांचा शब्द आजवर कुणी खोडला नव्हता, आणि मी तर कालची पोर. चुकले असते तर सगळ्या साइटनं हसं केलं असतं. पण न उडालेल्या सुरुंगावर पहार पडली असती तर? पहिला माणूस बोगद्याच्या तोंडाशी पोचला.

"थांबा!" मी किंचाळले. "अकराच झालेत!"

"अहो मॅडम, मामांनी मोजले की!" मुकादम वैतागला.

माणसं का थांबली हे मामांना कळेना. त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या हातांकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातातलं सगळं खाली टाकून मी दहा बोटं दाखवली, मग एक. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. उजव्या खिशातून एक चिंचोका काढून त्यांनी डाव्यात टाकला.

थांबायचा नेम होता तेवढा वेळ थांबून ते एकटेच आत गेले. तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. बाहेर आले ते घामानं निथळत. "उजव्या अंगाला, खालून दुसरं. वात मधीच इझली व्हती. आता भ्या न्हाई." मग सगळ्यांदेखत मुकादमाला म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. सहा महिने झाले, ह्या पोरीच्या बोटांवर मोजून राहिलो. आज तिचे हात भरलेले, तवा अदमासानंच चिंचोके टाकले. आजपासून माझी बत्ती बंद."

मला भयंकर संताप आला. सहा महिने माणसांचे जीव माझ्या बोटांवर टांगलेले, आणि मलाच ठाऊक नाही! "सांगायचं तरी होतंत, मामा!"

त्यांनी माझे ओठ वाचले. "सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं, पोरी. दगडाबिगर मला काय येतंय?"

माझा राग तिथंच विरघळला. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी कालचे बाराही चिंचोके माझ्या ओंजळीत ओतून ते एसटीत चढले. "मामा, येत जा!" मी सवयीनं ओरडले. मग हात उंचावून दहा बोटं दाखवली, मग दोन. गाडी हलली. दारात उभ्या मामांनी डाव्या खिशाचं अस्तर बाहेर ओढून मला दाखवलं.