पेट्रोलचा डबा माझ्या हातात

आमची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी होती, आणि नवऱ्याला तिचं कौतुकही माझ्यापेक्षा जास्त होतं. तो चंदीगडला विद्यापीठात शिकवायचा. गाडी मात्र सोलापूरहून, सासऱ्यांकडून आलेली. पंजाबातले ते दहशतवादाचे दिवस असे होते की दिवेलागणीनंतर कुणी रस्त्यावर थांबत नसे. जागोजागी नाके. पुढच्या सीटवर बाई दिसली की जवान फारसं अडवत नाहीत, असा सगळ्या कॉलनीचा अनुभव होता. त्यामुळे शेजारीपाजारी मला बरीच मागणी असे. कुंकू, मंगळसूत्र आणि पुढची सीट, एवढीच माझी पात्रता.

त्या दिवशी शेजारचे बाऊजी आमच्याबरोबर पिंजौरला आले होते. निवृत्त शाळामास्तर, शीख, आवाज कधी न चढवणारे. त्यांची थोरली बहीण तिथे अंथरुणाला खिळली होती. निघताना त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही बीजी म्हणत असू, फाटकापर्यंत आल्या. मला म्हणाल्या, "पुत्तर, अंधेरे से पहले ले आना इन्हें। और तू आगे ही बैठना।"

परतताना पिंजौर मागे पडलं आणि गाडीने आचके दिले. मग बंदच पडली. नवऱ्याने बॉनेट उघडलं.

"पंप तापलाय," तो म्हणाला.

उन्हाळ्यात हे नेहमीचंच. इंजिनाला चिकटून बसवलेला तो पंप टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. तापला की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पुरवठा बंद. उपाय म्हणजे ओलं फडकं. मी प्यायच्या पाण्यात नॅपकिन भिजवून दिला, त्याने तो पंपाला गुंडाळला. बराच वेळ वाट पाहिली. गाडी ढिम्म.

मग त्याने कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवली आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. चिळकांडी उडायला हवी होती, नुसते थेंब टपकले. टाकी तर भरलेली. आडात होतं, पोहऱ्यातच येत नव्हतं. त्याने पंपाची छोटी दांडी हाताने वरखाली केली. ती सैल हलली आणि पंपाच्या बुडाशी असलेल्या भोकातून पेट्रोल गळू लागलं.

"डायफ्रॅम फाटला." म्हणजे आतला रबरी पडदा.

"नवीन आणला होतास ना?"

"घरी आहे. कपाटात."

वस्तू जपून ठेवण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही.

उन्हं कलली होती. आता पंपाला वगळूनच जायचं ठरलं. टाकीतलं पेट्रोल प्लास्टिकच्या डब्यात काढायचं, डबा उंच धरायचा आणि रबरी नळीने पेट्रोल थेट कार्बोरेटरमध्ये सोडायचं. बाऊजींनी नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढलं, थुंकले आणि म्हणाले, "बहन के घर की चाय इससे अच्छी थी।" डबा धरायला ते पुढे बसू लागले. मीच अडवलं. "आगे मैं बैठूँगी, बाऊजी। बीजी ने कहा है।"

डबा माझ्या हातात, नळी खिडकीतून बाहेर आणि बॉनेटच्या फटीतून आत. गाडी चालली. बेवारस डब्यांना हात लावू नका, असं रेडिओ रोज सांगत होता, आणि आम्ही तिघं शहाणी माणसं पेट्रोलचा डबा मिरवत नाक्याकडे निघालो होतो. ते मला नाका दिसल्यावर सुचलं.

जवान खिडकीशी वाकला. त्याने डब्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, माझ्या कुंकवाकडे पाहिलं.

"पंप ख़राब है," मी म्हटलं.

"अच्छा, मैडम।" मग त्याने मागची काच ठोठावली. "सरदारजी, आप नीचे उतरो।"

बाऊजींना हात वर करून उभं केलं. खिसे झाले, कंबर झाली, मोजे झाले. शेवटी पगडी दोन्ही हातांनी दाबून दाबून पाहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही कुणी नव्हता. मला असा संताप आला की मी डब्यासकट खिडकीकडे वळले आणि पेट्रोल साडीवर सांडलं.

"डब्बा तो मेरे पास है!" मी ओरडले.

"आप बैठिए, मैडम," तो अगदी आदराने म्हणाला. त्या आदराची मला अजून चीड येते.

बाऊजी परत येऊन बसले. थोडं पुढे गेल्यावर नवऱ्याला म्हणाले, "बेटा, शीशा ज़रा मेरी तरफ़ कर दो।" त्याने आरसा वळवला. ते पगडीच्या घड्या एकेक करून बसवत राहिले. आरसा परत फिरवायला त्याचा हात धजला नाही. घरापर्यंत त्याने मागचं काही न दिसता गाडी चालवली.

बीजी फाटकातच उभ्या होत्या. पुरता अंधार अजून पडला नव्हता.

"रास्ते में कुछ हुआ तो नहीं?"

"पंप बिगड़ गया था," बाऊजी म्हणाले. "और कुछ नहीं।"

बीजींनी माझे पेट्रोलचा वास मारणारे हात आपल्या हातांत घेतले. "तू आगे बैठी थी पुत्तर, तभी किसी ने इन्हें उतारा नहीं।"

बाऊजी माझ्याकडे बघत होते.

"हाँ जी," मी म्हटलं.