हिरव्या टोपीतले तात्या

दुपारचे दोन वाजून गेलेत. कॉम्प्युटरवर फिल्मची शेवटची प्रत तयार होतेय. पट्टी एकसष्ट टक्क्यांवर अडून बसलीय, आणि तिच्याकडे बघत बसलं की ती मुद्दाम आणखी हळू चालते हा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे. म्हणून मी सोफ्यावर आडवी होते. पांघरायला हाताशी जे येतं ते ओढते, तो शूटिंगचा हिरवा कपडा निघतो. धायरीच्या या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी तीन वर्षं फिल्ममधला मंगळ ग्रह तयार करतेय. हॉलमध्ये मंगळ, किचनमध्ये चहा. आज सहापर्यंत प्रत महोत्सवाला पाठवली की सुटले. डोळे मिटतात तसा पंख्याचा आवाज आणि कॉम्प्युटरचा आवाज एक होतो.

सोफ्याच्या कडेला कुणीतरी बसतं. गादी तेवढीच दबते.

"निजलीस काय गो बाय?"

शांतारामतात्या. मी डोळे उघडत नाही, कारण तात्या चैत्रात गेले आणि त्यांना भेटायला जायचं मी तेव्हाही टाळलं होतं.

"रेंडर चालू आहे तात्या," मी म्हणते. "तेवढ्यात जरा पडले."

"पड, पड. मी काय घाईत नाय."

तात्या राजापूरच्या बाजूचे, सड्यावरच्या वाडीतले. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. एप्रिल-मे महिन्यात तिथे गवताची काडी नसते, नजर जाईल तिकडे तांबडा कातळ. आम्हाला मंगळ फुकटात मिळाला तो तिथे, आणि त्याच्याबरोबर तात्या मिळाले. चौतीस वर्षं ते गावच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, संकासूर नाचले. संकासूर म्हणजे अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच टोपी, तोंड पूर्ण झाकलेलं. पंचक्रोशीत त्यांची उडी कुणीही ओळखायचं. चेहरा विचारलात तर लोक जरा विचार करायचे.

मी डोळे उघडते. ते आमच्याच हिरव्या पोशाखात बसलेत, तळपायापासून डोक्यापर्यंत हिरवे, टोपी गळ्यापर्यंत ओढलेली. नाकाची नुसती टेकडी दिसते.

"टोपी काढा की आता. उकडत असेल."

"तू सांगितल्याबिगर कशी काढू? तू ओरडतेस."

मी चहा टाकायला उठते. किचनचं दार ढकलते तर पायाखाली कातळ आहे, तापलेला, चपलेतून चटका लागणारा. ओट्यावर गॅस पेटलेला आहे, पलीकडे क्षितिजापर्यंत काही नाही. दूर आमची नायिका अंतराळाच्या पोशाखात उभी आहे आणि तात्या तिच्याजवळ काठीला लावलेलं यंत्र हवेत धरून चाललेत. आमच्या फिल्ममध्ये मंगळावर पाणी शोधणारं एक तरंगतं यंत्र आहे, त्याचं नाव पाणाडी. ते तात्यांनी नाचवलं. हिरवं असेल ते सगळं पुसून टाक, असं कॉम्प्युटरला सांगता येतं. म्हणून हिरव्या पोशाखातला माणूस नाहीसा होतो आणि यंत्र आपोआप तरंगल्यासारखं दिसतं. उरलंसुरलं हाताने पुसावं लागतं. ते मी पुसलं. एकेका सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममधून तात्या.

एका परीक्षकाने कच्ची प्रत बघून लिहिलं होतं, यंत्राच्या हालचालीत विलक्षण जीव आहे. निनादने, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाने, ते वाक्य पोस्टरवर घातलं. जीव कुणाचा ते घातलं नाही.

"बरा चालतोय ना मी?" तात्या चालता चालता विचारतात.

"तुम्ही दिसतच नाही."

"व्हय, पण चाल दिसते ना?"

ते हसतात. टोपीच्या आत हसतात, त्यामुळे फक्त हिरवं कापड हलतं. माझा संताप होतो. माणसाने मेल्यावर तरी जरा रागवावं. मी त्यांच्याकडे सरळ बघते, तर जिथे नजर जाते तिथले ते पुसले जातात. हात जातो, मग खांदा. मी घाईघाईने नजर चहाच्या भांड्यावर आणते.

चहा उतू जातो आणि आम्ही शाळेत आहोत. मे महिन्याच्या सुट्टीत आमचं युनिट तिथे उतरलं होतं, चौथीच्या वर्गात गाद्या टाकून. फळ्यावर खडूने सीनची यादी आहे. तात्या बाकावर बसलेत, गुडघे त्यात मावत नाहीत.

"माझा तुकडा कुठला गो यातला?"

मला माहीत आहे कुठला. सत्तेचाळिसावा. नायिकेला तिचा आजोबा आठवतो, जो गावोगाव फिरून जमिनीखालचं पाणी सांगायचा. यंत्राला नाव दिलं ते त्याच्यावरूनच. आजोबा दोन फाट्यांची काठी घेऊन कातळावरून चालत येतो, थांबतो, कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. दोन मिनिटं. टोपी नाही, काळं नाही, हिरवं नाही. यंत्र नाचवायला तात्या तयार झाले ते या दोन मिनिटांसाठी. त्या दिवशी त्यांनी राजापुरात जाऊन दाढी करून घेतली होती आणि त्यांची बायको, म्हणजे काकी, याही डबा घेऊन शूटिंग बघायला आल्या होत्या.

"पाणी हाय," तात्या आत्ता बाकावरून म्हणतात, तेव्हाच्याच आवाजात. "वर दिसत नाय म्हणून नाय म्हणायचं काय?"

फळ्यावर सत्तेचाळीस हा आकडा नाही. सेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस आहे.

महोत्सवाची अट होती नव्वद मिनिटांची. आमची ब्याण्णव भरली. निनाद म्हणाला, सीन सुंदर आहे, पण वेग मारतो. मी म्हणाले, हो, मारतो. मला पटलं होतं, हे जास्त वाईट आहे. निनादवर सगळं ढकलता आलं असतं तर मला दुपारची नीट झोप तरी लागली असती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तो सीन काढला, आणि पुढच्या रविवारी तात्यांचा नेहमीसारखा फोन आला. बाय, माझा तुकडा झाला काय? मी म्हणाले, होतोय. पुढच्या रविवारीही म्हणाले, होतोय. मग चैत्र आला आणि रविवारचा फोन बंद झाला.

"होतोय," मी बाकावर बसून म्हणते.

"अजून?"

"अजून."

स्वप्नातसुद्धा मी खोटं बोलते. जिवंत माणसाशी बोलले ते निदान भीतीपोटी होतं. मेलेल्याशी बोलायचं काय कारण?

तात्या मान डोलावतात. "आमच्या हिला तू काय सांगितलंस?"

आता त्यांचं अंगण आहे. शेणाने सारवलेलं, कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या. बाराव्याला मी गेले होते, युनिटमधून एकटी. निनादने मोठा मेसेज टाकला होता, हात जोडलेल्या चित्रांसकट. अंगणाच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फलक बांधलाय आणि त्यावर तात्यांचा आधार कार्डावरचा फोटो आहे, ताणून ताणून मोठा केलेला, भेदरलेला. घरात फोटोंची पिशवी भरून होती. सगळ्यांत संकासूर.

काकी माझ्या हातात पाण्याचा तांब्या देतात आणि तेव्हा बोलल्या होत्या तेच बोलतात. "फोटो एक धड नाय बघ. पण तुमच्या पिक्चरात हायत ना ते? दोन मिंटं तरी हायत ना?"

"आहेत काकी."

हिरवे तात्या माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसून हे ऐकत असतात.

"अहो, मग चिडा ना," मी त्यांच्यावर ओरडते. "शिव्या घाला. तुमचा चेहरा आम्ही घेतला, तुमची चाल घेतली, एक ठेवलं नाही आणि दुसरं यंत्राच्या नावावर घातलं. नामावलीत तुम्ही कुठे आहात माहितीये? 'विशेष आभार'मध्ये. जेवणाच्या डब्यावाल्यानंतर."

"डबा चांगला होता त्याचा," तात्या म्हणतात.

मग खुर्ची जरा माझ्याकडे ओढतात. बोलतात तेव्हा आवाजात हसू नसतं.

"बाय, वाईट वाटलंच. नाय कसं वाटेल? मी लोकांना सांगून बसलो होतो. हिच्या भावाला सांगितलं, यष्टीत कंडक्टरला सांगितलं. तू एकदा फोनवर सांगायचं होतंस. मी पण नाचलेला माणूस हाय, पाळी कापतात ते मला कळत नाय काय? पण तू होतोय होतोय म्हणालीस आणि मी वाट बघत ऱ्हायलो."

तांब्यातल्या पाण्यात तांबडी माती खाली बसलीय.

"दाढी तेवढी फुकट गेली," ते म्हणतात आणि उठतात.

अंगण संपतं तिथे सडा सुरू होतो. नायिका पाठमोरी उभी आहे, कॅमेरा लागलाय, बाराचं ऊन डोक्यावर आहे. तात्या माझ्या शेजारी, कॅमेऱ्याच्या डावीकडे, यंत्राची काठी घेऊन आपल्या खुणेची वाट बघतायत. नायिका वळते. तिच्या हेल्मेटची काच माझ्याकडे येते आणि तिच्यात सगळा सडा वाकडा होऊन मावतो. तात्या टोपीला हात घालतात आणि ती वर ओढतात. उघड्या तोंडाने, घामाने निथळत, वारा घेतात.

"ती काच बघ," ते मला हळूच सांगतात.

मला त्यांचं तोंड बघायचंय. कधीपासून बघायचंय. मी वळते, आणि माझ्या तोंडून तेच बाहेर पडतं जे त्या दिवशी पडलं होतं.

"तात्या, टोपी घाला! शॉट चालू आहे!"

माझ्याच ओरडण्याने मला जाग येते. हिरवा कपडा मानेभोवती गुंडाळलाय. पंखा फिरतोय. पट्टी शंभर टक्क्यांवर आहे.

मी तोंडही न धुता खुर्चीत बसते आणि एकशेबारावा शॉट उघडते. नायिका वळते. हा शॉट मी दोनशे वेळा तरी बघितला असेल. काचेतला कॅमेरा मी पुसला होता, स्टँड पुसला होता, शेजारी उभ्या असलेल्या मलाही पुसलं होतं, आणि हिरवं पुसायचं काम कॉम्प्युटरला दिलं होतं. मी काच मोठी करते. आणखी मोठी करते.

तिथे ते आहेत.

काचेच्या डाव्या कडेला, नखाएवढं तोंड. अंग नाही, कारण अंग हिरवं होतं. तोंड हिरवं नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरने त्याला हात लावला नाही. आणि मला ते दिसलं नाही, कारण त्यांच्या कातडीचा रंग आणि सड्याचा रंग एकच आहे. तांबड्या कातळावर एक उघडं तोंड, डोळे किलकिले, कपाळावर घाम. मी फ्रेम मोजते. एकतीस. सव्वा सेकंद.

निनादला फोन करून मी सांगते. तो शॉट उघडतो, बघतो. मी वाट बघते. त्याने काढ म्हणावं म्हणजे मला भांडता येईल.

"राहू दे गं वैजू," तो म्हणतो. "कुणाला दिसतोय तो? पाठवून टाक."

मी पाठवून टाकते. मग काकींचा नंबर लावते.

"झाला काय गो पिक्चर?"

"झाला काकी. तात्यांचा सीन त्यात नाही. संक्रांतीला काढला. मीच काढला, आणि त्यांना सांगितलं नाही, तुम्हालाही नाही."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येतो.

"म्हंजे ते नायतच त्यात?"

"एक सेकंद आहेत. चुकून राहिलेत."

"तोंड दिसतंय?"

पडद्यावर एकतिसावी फ्रेम थांबलीय. तात्या सरळ माझ्याकडे बघतायत, कारण मी ओरडलेय, आणि टोपी खाली ओढायला वर निघालेला त्यांचा हिरवा हात तेवढा पुसला गेलाय.

"दिसतंय," मी म्हणते.