लिफ्टमध्ये बसलेला साडू

माझ्या साडूइतका बिनकामाचा हुशार माणूस अख्ख्या नेरूळमध्ये सापडणार नाही. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम चालू असताना कुठे अडखळतात, कुठे उगाच वेळ खातात, यावर तो कॉलेजात संशोधन करायचा. म्हणजे काम दुसऱ्याने करायचं आणि याने टक लावून बघायचं. एवढ्यावर त्याला डॉक्टरेट मिळाली. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना ही विद्या उपजत येते. घरीही तेच. मेहुणी पोहे करत असली की हा ओट्याशी हजर. "कांदा परतताना तू मधेच नुसती उभी राहतेस," असं त्याने एकदा तिला शांतपणे सांगितलं. त्या दिवशी तो नाश्त्याला खाली आमच्याकडे आला.

आमच्या सोसायटीची लिफ्ट अधूनमधून अडकायची. कंपनीचा माणूस येऊन ती बंद करून तपासायचा, "ऑल ओके" म्हणायचा, आणि त्याची पाठ वळली की ती पुन्हा अडकायची. सातव्या मजल्यावरच्या शिंदेकाकू एकदा अंधारात आत कोंडल्या गेल्या. तेव्हापासून भीतीने लिफ्ट नको आणि गुडघ्यांमुळे जिना नको. बाई घराबाहेरच पडेनात.

मीटिंगमध्ये साडू म्हणाला, "बंद करून काय तपासता? चालू असताना बघा ना!"

"मग तुम्हीच बसा आत," सेक्रेटरी म्हणाले.

टोमणे याला कधीच कळले नाहीत. रविवारी कंपनीच्या माणसाकडून लिफ्टच्या यंत्रणेला वायर जोडून घेऊन हा लॅपटॉप आणि स्टूल घेऊन लिफ्टमध्ये बसला. पाहुणे त्याला लिफ्टमन समजून मजला सांगत होते, हा निमूट बटणं दाबत होता. मी ओळख दाखवली नाही. संध्याकाळी लिफ्ट अडकली. आम्ही बाहेर घाबरलेलो, आणि आतून आरोळी, "सापडलं! कुणी उघडू नका!"

दार मिटता मिटता खालून कुणी बटण दाबलं, की लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम गोंधळून थांबायचा. कंपनीने तो दुरुस्त केला. काकूंची भीती मात्र जाईना. "न्हाई वो, मी न्हाई बसायची."

मग हाच रोज संध्याकाळी त्यांच्या दाराशी जाऊ लागला. हात धरून लिफ्टने खाली आणायचा, बागेतल्या बाकावर शेजारी बसायचा.

"आता इथे काय बघतोस?" मी विचारलं.

"काही नाही. त्या बोलतात, मी ऐकतो."

मागच्या वर्षी तो करंजाड्याला राहायला गेला. काकू आता एकट्या उतरतात. परवा मी बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"बसा की," म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "तुमचे साडू कधी येनार वो?"