अप्पांची काठी बाकावरच राहिली

ज्या साहेबाने माझ्या बापाला धडधाकट ठरवलं, तो माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे.

गेल्या वर्षी अप्पा गेल्याची पोस्ट टाकली, तेव्हा त्याने खाली लिहिलं होतं, 'वीर जवानाला सलाम.' सोबत जोडलेले हात.

कुठल्या जवानाला सलाम ठोकतोय, हे त्याला माहीतच नव्हतं.

आज अप्पांचं वर्षश्राद्ध झालं. गावाहून, पिशोरहून आलेले पाहुणे जेवून गेले. आता सांगते.

अप्पा फौजी. डोंगरातल्या रस्त्यावर पलटणीची गाडी दरीत गेली आणि त्यांच्या डाव्या मांडीत कायमचा रॉड बसला. घरी पाठवलं, अपंगत्व पेन्शन दिली. मी बारावीत असताना पुन्हा मेडिकल बोर्ड बसलं. पाय अजून तसाच आहे का, हे बघायला.

जणू रॉड विरघळणार होता.

मी सोबत गेले होते. अप्पांनी बूट असे चमकवले होते की लग्नाला निघालेत असं वाटावं. नंबर आला तशी त्यांनी काठी बाहेरच्या बाकावर ठेवली.

"अप्पा, काठी घेऊन जा ना आत."

"साहेबासमोर काठी टेकत जायचं व्हय? पलटणीची इज्जत काय राहील?"

दार अर्धवट उघडं होतं. मला सगळं दिसत होतं. माझा बाप ताठ चालत आत गेला आणि पाय आपटून सावधान उभा राहिला. तोच पाय आपटून.

"कैसे हो, जवान?"

"एकदम बढिया, सर!"

फौजेत या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. साहेबालाही ते माहीत होतं, डॉक्टर असला तरी वर्दी त्याच्याही अंगावर होती. त्याने पाय बघितला नाही. पॅन्ट वर करायला सांगितलं नाही. "शाब्बास" म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

बाहेर येऊन अप्पा बाकावर बसले, ते उठेनातच. रुमाल दातांत धरला होता.

पेन्शन बंद झाली. त्याहून वाईट गावात झालं. पिशोरच्या बाजारात लोक मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायचे, "सरकारच म्हनतंय पाय चांगलाय. फुकटचा लंगडतो." अप्पांनी गावाकडे जाणंच सोडलं. इथं शहरात, पडेगावच्या घरात बसून राहायचे.

आई चिडायची. "तुम्ही खोटं कामून बोलले?"

"खोटं नाय बोललो. मी कसा हाय, ते इचारलं त्यांनी. पाय कसा हाय, ते इचारलंच नाय."

अपील केलं. तारखांवर तारखा पडल्या. अप्पा गेले, तरी आई केस लढतेय. वकिलाला एकच सांगते, "आमचा माणूस लबाड नव्हता, एवढं लिहून घ्या त्यांच्याकडून."

मी फिजिओथेरपिस्ट झाले. का, ते सांगायला नको.

आणि अप्पा जायच्या आदल्या वर्षी साहेब माझ्याच क्लिनिकमध्ये आला. रिटायर होऊन आपल्याच शहरात घर घेतलेलं. हातात काठी. मी बघताक्षणी ओळखलं. त्याने मला नाही.

"कसे आहात, सर?"

"कुठला बरा, बेटा? गुडघा फार दुखतो."

किती आरामात कण्हत होता! माझ्या बापाला ती सोय नव्हती. खरं सांगते, मनात आलं, एकदाच असा अंगठा दाबावा की त्याला आयुष्यभर आठवण राहील.

घरी येऊन सांगितलं. अप्पा खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

"इलाज नीट कर. साहेब हाय तो."

"अप्पा, त्याने तुमचं वाटोळं केलं!"

"आण हाय तुला माझी. मी कोण, ते त्याला सांगायचं नाय."

आण पाळली. अप्पा होते तोवर पाळली आणि गेल्यावरही वर्षश्राद्धापर्यंत पाळली. साहेबाचा गुडघा बरा करत आणला. आता तो जिने चढतो. दर वेळी म्हणतो, "बेटा, तू किती बारकाईने तपासतेस."

आता नाही पाळणार.

साहेब, नाव लिहीत नाही. पेशंटचं नाव सांगायचं नसतं. पण ही पोस्ट तुम्ही वाचणार, माझी प्रत्येक पोस्ट तुम्ही लाईक करता.

मंगळवारी तुमची अपॉइंटमेंट आहे. कॅन्सल करू नका. वेटिंगच्या बाकावर अप्पांची काठी असेल, शेजारी आई असेल. तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा की तुम्ही तो पाय बघितलाच नव्हता. मग तेच केसमध्ये येऊन सांगा.

माफी मागू नका. ती मिळणार नाही.

त्यानंतर आत या. मी तुम्हाला नीट तपासीन. एक एक सांधा, हात लावून, चालायला लावून. माझ्या बापाला जे मिळायला हवं होतं ते सगळं तुम्हाला देईन, आणि तुम्ही खाली मान घालून घ्याल.

अप्पा, तुमची आण मोडली. रागवा हवं तर.

आता समोर कुणी साहेब नाही. पाय पसरून बसा.

दुखत असेल तर दुखतंय म्हणा.